सदूला शोधलं त्या रविवारी

प्रिय अण्णा,

काल बसू येऊन गेला. नेहमीसारखा फाटकातूनच 'सुमे, चहा टाक' म्हणून ओरडला नाही. गुमान आत आला, तुझ्या खुर्चीकडं न बघता सतरंजीवर बसला आणि म्हणाला, "रेखा अजून लोंबकळायलीय गं त्या कड्यावर. तिला वर तरी काढायला पाहिजे, न्हाय तर खाली तरी सोडायला पाहिजे. आता गोष्ट तू सांग."

मी चहा टाकायला आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

बाहेरच्या कुणी ऐकलं तर घाबरेलच! बसूची बायको रेखा घरी नीट आहे. कड्यावर आहे ती चंद्रा, आपल्या खेळातली, रेखा जिच्या तोंडून बोलते ती. तू गेलास त्याच्या आदल्या रविवारी तिच्या हातातली वेल निम्मी तुटली होती आणि तू हसून म्हणाला होतास, 'पुढचं पुढच्या वेळी.' तिचं काय करायचं होतं तुझ्या मनात? वाचवणार होतास का? मला सांगून का गेला नाहीस?

म्हणून लिहायला बसले आहे. तू हे वाचणार नाहीस हे कळतं मला. पण ज्याला विचारायचं तो एकटा तूच होतास.

आठवतं, ती पेटी बसूच्या मामानं आणली होती? मामा बोटीवर नोकरीला, कुठल्या तरी परदेशी बंदरातून भाच्यासाठी खेळणं म्हणून घेतलं. उघडली तर आत इंग्रजी पुस्तकं आणि चमत्कारिक फासे. एकाला चार तोंडं, एकाला आठ, एकाला तर वीस! बसूनं ती कॅम्पातल्या घरून सायकलवर आणली आणि तुझ्यापुढं टाकली. "तुला इंग्रजी येतंय न्हवं, बघ काय हाय ते."

तू फौंड्रीतून आलास की डिक्शनरी घेऊन बसायचास. महिनाभरानं म्हणालास, "सुमे, ह्यात हरणं-जिंकणं नाही गं. एकानं गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी एकेक माणूस व्हायचं आणि आपापलं काय ते ठरवायचं. जमलं की नाही ते फासा सांगणार." परदेशी किल्ले आणि आग ओकणारे प्राणी तू बाजूला ठेवलेस. आपली गोष्ट कणकुंबीच्या रानात लावलीस. गोव्याकडं उतरणारी वाट, जळवा, अस्वलं, चोरटा माल नेणारे लोक. बसू झाला मल्लाप्पा, पलटणीतून परतलेला शिपाई. मी झाडपाल्याचं औषध देणारी गिरजा. रविवारी दुपारची जेवणं झाली की आपल्या टिळकवाडीच्या बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरायची, मधे पितळी ताट, त्यात फासे. आई म्हणायची, "एवढी मोठी झालीत आणि घर-घर काय खेळताय!"

पहिल्याच महिन्यात तू बसूला मारलास! भिंतीतल्या देवळीत हात घातला म्हणून साप चावला, फासा पडला, तू म्हणालास, "मेलास." बसूचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "मेलो? असा कसा मेलो? मी काय केलो? साप हाय म्हणून सांगितलास का तू?" आणि उठून चालता झाला. तू म्हणत राहिलास, अरे खेळ आहे. पण तो खरंच दुखावला होता.

मग तू आठवडाभर विचार करत हिंडलास. पुढच्या रविवारी त्याच्या घरी जाऊन त्याला घेऊन आलास आणि आपल्या खेळाचा कायदा सांगितलास. मरण येणार असेल तर त्याची चाहूल आधी लागली पाहिजे. वास येईल, पाखरं गप्प होतील, वाटेत कुणाचं तरी हाड दिसेल. तरी कुणी पुढं निघाला तर मी विचारीन, 'नक्की?' तो 'नक्की' म्हणाला तर फासा उघड्यावर पडेल, सगळ्यांच्या देखत, आणि जे पडेल ते पडेल.

आणि दर वेळी मारायलाच कशाला पाहिजे, हेही तूच म्हणालास. गिरजा त्या चोरट्यांच्या तावडीत सापडली तेव्हा मला वाटलं, संपलं. तू तिला मारली नाहीस, धरून नेलीस. मल्लाप्पानं आपली बंदूक त्यांना देऊन मला सोडवली, आणि मग पुढं कितीतरी महिने बिनबंदुकीचा शिपाई म्हणून रानात लोक त्याला हसायचे. बसूला ते मरणापेक्षा झोंबायचं. आणि तरी दर रविवारी सगळ्यांच्या आधी तोच हजर!

मग मंगल आली.

मंगल शेजारची, माझ्या वर्गातली. खानापूरकडची माणसं, वडील कोर्टात कामाला. तिचा थोरला भाऊ सदाशिव लाकडाच्या ठेकेदाराकडं होता. कणकुंबीजवळ ड्रायव्हरनं पुराच्या पाण्यात ट्रक घातला आणि ट्रक उलटला. ट्रक सापडला, ड्रायव्हर सापडला, सदाशिव सापडला नाही. लोकांनी चार दिवस काठ धुंडाळला आणि सोडून दिलं. दोन वर्षं झाली होती त्याला. इंदूकाकू, म्हणजे तिची आई, तो गेला असं म्हणू द्यायच्या नाहीत कुणाला. "आमचा सदू कामाला गेलाय. येतोय." रोज रात्री त्याचं ताट मांडायच्या. मंगल त्या भरल्या ताटाशेजारी बसून जेवायची. एकदा तिच्या तोंडून 'दादाला भाकरी आवडायची' असं निघालं, तर काकूंनी तिला पानावरून उठवलं होतं. 'आवडत्ये म्हण', म्हणाल्या.

खेळात तिला विचारलंस, तुझ्या माणसाचं नाव काय? ती म्हणाली, "सदू. नावाडी हाय."

मी खाली बघितलं. बसूनं तुझ्याकडं बघितलं. तू म्हणालास, "बरं. सदू. पोहायला येतं का?" "लई चांगलं येतंय," ती म्हणाली.

अण्णा, तेव्हाच का विचारलं नाहीस रे तिला? 'हे नाव नको' असं नाही, पण नुसतं बाजूला घेऊन 'मंगल, बघ हां' एवढं तरी! नंतर मी तुला हे विचारलं, तेव्हा तू म्हणालास, "तिच्या घरात त्याच्याबद्दल मोकळं बोलायला बंदी. इथं ती बोलत होती. मी कोण थांबवणार?" मला ते पटलं पण आणि नाही पण. अजून तसंच आहे.

किती हसवायचा तो सदू! नाव वल्हवताना मल्लाप्पाची टर उडवायचा, गिरजेची मुळं चाखून बघायचा आणि थू थू करायचा. मंगल त्याच्यासारखी खर्जात बोलायची. मला कळायचं, हा खरा सदाशिव आहे, असाच होता तो. वर्षभर तो आपल्यात राहिला.

आणि मग ती नदी. पलीकडच्या गावात तापाची साथ, गिरजेची औषधं पोचवायची, आणि पाणी चढलेलं. तू सगळं केलंस, मी साक्ष आहे. पाण्याचा रंग सांगितलास. ओंडके वाहत येत होते ते सांगितलंस. एक म्हैस पाय वर करून वाहत गेली तेही सांगितलंस. वरच्या अंगानं लांबची वाट आहे म्हणालास. बसू म्हणाला, "लांबनं जाऊया. काय घाई न्हाय."

मंगल म्हणाली, "सदू जातोय."

"मंगल, पाणी लई आहे."

"ट्रकमधे न्हाय तो. नावेत हाय. त्याला नाव येत्ये."

तू वीस तोंडांचा फासा उचललास.

"नक्की?" तू विचारलंस.

"नक्की."

फासा ताटात गडगडला आणि थांबला, आणि थांबता थांबता तू त्यावर तळवा ठेवलास. मला वाटतं तुलाही कळायच्या आत तो ठेवला गेला. "वाचला," तू म्हणालास. "नाव फुटली, पण फांदी हाताला लागली."

मंगल तुझ्या हाताकडं बघत होती. "हात काढ."

"वाचला म्हटलं ना."

"हात काढ, अण्णा." तू काढला नाहीस. तिनं तुझी बोटं एकेक करून उचलली. खाली एक होता. वीस तोंडांतलं सगळ्यात वाईट तोंड.

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती थंडपणे म्हणाली, "घरात बी हेच, हितं बी हेच. एक जागा व्हती जिथं माझ्याशी कुणी खोटं बोलत न्हवतं." आणि गेली.

तू दोन दिवस जेवला नाहीस. आईला वाटलं पोट बिघडलंय. तिसऱ्या दिवशी अंगणात मला म्हणालास, "मला वाटलं मी तिला वाचवतोय. सुमे, मी माझी सुटका करून घेत होतो. मला ते वाक्य बोलायचं नव्हतं, एवढंच." किती स्वच्छ बोलायचास रे स्वतःबद्दल! आम्हाला ते जमलं नाही कधी.

मग तू कॉलेजच्या वाटेवर तिला गाठलंस. मी होते बरोबर. "चुकलं माझं," म्हणालास. "आता तू सांग, काय करायचं?"

ती बराच वेळ चपलेनं माती उकरत राहिली. "शोधायचं," ती म्हणाली. "त्याला कुणी नीट शोधलंच न्हाय."

त्या रविवारी आपण सदूला शोधलं. तू फाशांना हात लावला नाहीस. "तू कोण आहेस आता?" तिला विचारलंस. "मी त्याची बहीण," ती म्हणाली. दोन्ही काठांनी आपण चाललो. तू फक्त विचारायचास. आता काय दिसतंय? इथं थांबायचं? पुढं जायचं? आणि ती सांगायची. करवंदीच्या जाळ्या, वाळलेला गाळ, बगळे. बसू मधेच म्हणाला, "मी हाक मारतो," आणि त्यानं खरंच हाक मारली, आपल्या बाहेरच्या खोलीत, "सदूऽऽ" म्हणून! स्वयंपाकघरात आईच्या हातातलं भांडं पडलं.

नदी वळते तिथं जांभळीखाली तो मंगललाच दिसला. निजल्यासारखा होता, ती म्हणाली. अंगात निळा स्वेटर होता. चेहऱ्याला काही झालं नव्हतं. बसूच्या मल्लाप्पानं त्याला उचलला. लाकडं ओली होती, मी गुरांच्या गोठ्यातून कोरडी आणली. अग्नी कोण देणार, असं कुणी विचारलं नाही. मंगल म्हणाली, "मी देते," आणि मग ती रडली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

मला त्या संध्याकाळी वाटलं होतं, आपण एक चांगलं काम केलं. तुलाही वाटलं होतं, खोटं बोलू नकोस.

मंगलनं घरी जाऊन सदूचं ताट उचललं आणि मांडणीत ठेवून दिलं. "आई, दादा गेला," म्हणाली. "आमी त्याला आज पोचवून आलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूकाकू आपल्या अंगणात. केस सुटलेले, पायात चप्पल नाही. "माझ्या जित्या पोराला जाळलात तुमी! खेळ म्हणून जाळलात!" सगळी गल्ली दारात. आपले आप्पा धोतराचा सोगा सावरत बाहेर आले, त्यांना काय चाललंय ते कळेना. तू पायरी उतरून काकूंसमोर गेलास. मला वाटलं आता समजावून सांगशील. तू खाली मान घातलीस आणि म्हणालास, "काकू, माझं चुकलं." त्यांनी तुझ्या थोबाडीत मारली. तू हललाही नाहीस.

आप्पांनी पेटी कपाटावर टाकली. मंगलला तिच्या मावशीकडं निपाणीला पाठवलं. तिचं पुढचं शिक्षण तिथंच झालं, आता तिथं शाळेत शिकवते. इंदूकाकू रस्त्यात दिसल्या की तोंड फिरवायच्या, आणि सदूचं ताट पुन्हा मांडू लागल्या होत्या, असं ऐकलं.

किती वेळा विचारलंस मला, "मी मोडलं का गं त्यांचं घर?" मी म्हणायचे, नाही रे. तू मान हलवायचास. दोन वर्षांनी आप्पांनी स्वतःच पेटी खाली काढून दिली, बसूच्या लग्नानंतर रेखाही आली, तू पुन्हा गोष्ट सांगू लागलास. पण आधीसारखा नाही. कुणाचाही जीव टांगणीला लागला की तू थांबायचास, 'पुढचं पुढच्या वेळी' म्हणायचास. रेखाला त्याची गंमत वाटायची. तू का थांबतोस ते मला माहीत होतं.

आणि स्वतःचं काय, अण्णा? जिन्यात मधेच थांबायचास आणि म्हणायचास, चप्पल सैल झालीय. मिरजेला 'कामासाठी' जाऊन यायचास. लहानपणी ताप आला होता तेव्हापासूनच हृदयाची झडप खराब होती, ऑपरेशन करा म्हणून डॉक्टर केव्हापासून सांगत होते, हे आम्हाला तू गेल्यावर त्यांच्याकडून कळलं. फौंड्रीतून माणूस धावत आला तेव्हा मी भाजी निवडत होते. आम्हाला एक शब्द सांगायचा नाही? एवढं सगळ्यांना खरं सांगायला शिकवलंस, आणि आईकडं 'अपचन आहे' म्हणून सोडा मागायचास! ह्याचा राग कधी जाईल मला ठाऊक नाही. मुद्दाम घालवणारही नाही.

आता एक सांगायचं आहे, जे मी अजून बसूलाही सांगितलं नाही.

तुझे दिवस झाल्यावर इंदूकाकू समाचाराला आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपली पायरी चढल्या. आईजवळ बसल्या. मग काकू आईला म्हणाल्या, "तुमाला निदान बघाय तरी मिळालं, वैनी."

आईनं त्यांचा हात धरला. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत पळाले, तर काकू माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या.

"सुमे," त्या म्हणाल्या, "त्या तुमच्या गोष्टीत तो कुठं गावला?"

तू असतास तर विचारलं असतंस, 'नक्की?' मी तेच विचारलं. "काकू, नक्की सांगू?"

"सांग."

मी सांगितलं. वळणावर, जांभळीखाली. निजल्यासारखा. चेहऱ्याला काही नव्हतं झालं.

"अंगात काय व्हतं?"

"निळा स्वेटर."

त्यांनी मान हलवली. "निळा न्हाय. निळा घरीच ऱ्हायला, माझ्यापाशी हाय. खाकी शर्ट व्हता, कोपराला मी ठिगळ लावलेला. मंगलीला आठवत न्हाय." मग भिंतीला टेकून खाली बसल्या. "खाकी म्हणून सांग."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, खाकी शर्ट घालून. त्यांनी आणखी दुरुस्त केलं. पायात काय होतं, गळ्यात कसला ताईत होता, केस कुठल्या बाजूनं पाडायचा. लाकडं ओली होती म्हटल्यावर म्हणाल्या, "मग पेटली का न्हाय?" मी म्हटलं, पेटली काकू, गोठ्यातली कोरडी आणली होती. "बरं केलंसा," त्या म्हणाल्या.

तू मोडलंस का त्यांचं घर? मला आजही सांगता येत नाही, अण्णा. काकूंनी तुला माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. थोबाडीत मारल्याचा विषयही काढला नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, "अण्णा असता तर त्यालाच इचारणार व्हते मी. आता तू हाईस."

मी गोष्ट सांगणारी नाही. तुझ्यासारखा आवाज नाही माझ्याकडं, आणि कुणी मरायला लागलं की माझे हात गार पडतात. रविवारी बसेन तुझ्या जागी, पण रेखाला सुरुवातीलाच सांगेन की काय होणार ते मलाही माहीत नाही आणि मला भीती वाटते आहे. तेवढं तर खरं आहे.

पण दुसरं एक काम त्याहून मोठं आहे. काकूंनी निरोप पाठवलाय. देह नसला तरी दिवस करता येतात, असं त्यांना भटजींनी सांगितलं. पाऊस संपला की त्यांना कणकुंबीला जायचंय, नदीवर. मंगल निपाणीहून येणार आहे. मायलेकी किती वर्षांनी एका गाडीत बसतील! आणि काकूंचं म्हणणं, सुमीनं पण यायचं.

मी जाणार आहे, अण्णा. तुला शब्द देते. त्या वळणावर काकू थांबतील तिथं थांबेन. त्या म्हणतील तेच झाड ते झाड. त्या म्हणतील, अजून पुढं, तर पुढं जाईन. आणि परत फिरायचं कधी, ते मी सांगणार नाही.

तुझी धाकटी बहीण,
सुमी